छानच झालंय हो, ताई

डॉक्टरांनी "फार तर सहा महिने" म्हटल्यापासून शिंपिणीशी कुणी भांडेनासंच झालं. टीप वाकडी जावो, गळा सैल होवो, गिऱ्हाइकं म्हणत, "छानच झालंय हो, ताई." परवा तर डावी बाही उजवीकडे लागली, तेही पोलकं एक बाई हसतमुखाने घालून गेली.

"जिवंतपणीच माझा फोटो भिंतीवर टांगलाय सगळ्यांनी," ती नवऱ्यावर खेकसली. तोही म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

आज थोरल्या जावेने नवं पोलकं घालून पाहिलं आणि काढून तिच्या मांडीवर टाकलं. "काखेत कापतंय. तू आजारी म्हणून मी गुदमरू का? उसव आणि नीट शिव."



उसवता उसवता शिंपिणीने कित्येक दिवसांनी आपणहून हाक मारली, "अहो, काहीतरी वाढा. भूक लागलीय."