भिंतीचा आवाज

"काल पुन्हा करकरली भिंत," दौलतराव म्हणाले. "झोप न्हाई लागली आमाला."

वर्षालीने बॅग ओसरीवर ठेवली आणि ती मागच्या परड्यात गेली. परड्याच्या कडेला जमीन सरळ खाली तुटलेली होती. खाली आयटी कंपनीची काचेची इमारत. त्या इमारतीसाठी माण गावची ही टेकडी कापली, तेव्हा वरचं दौलतरावांचं घर ढासळू नये म्हणून भिंत बांधली आणि भिंतीतून पोलादी दोरांचे अँकर थेट घराखालच्या खडकात रोवून ताणून बसवले. काळाच्या ओघात ते सैल पडतात का, यावर भिंत बांधणाऱ्या कंपनीचे सेन्सर लक्ष ठेवायचे. त्यांची पेटी परड्यात होती. वर्षाली दर महिन्याला रीडिंग घ्यायला यायची.

तिने पेटी उघडली, बटण दाबलं, जरा वेळ बघत बसली.

"ताण किंचित बदललाय, आजोबा. काळजीचं काही नाही. पण पुढच्या महिन्यात परत बघावं लागेल."

"बघायलाच पायजे," दौलतराव गंभीरपणे म्हणाले.

यशोदाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. "आज बी बसनं आलीस? कंपनीची गाडी कुठं गेली?"

"रविवारी ड्रायव्हरला सुट्टी असते, आजी." तिने पिशवीतून द्राक्षं काढून त्यांच्यापुढे ठेवली.

जेवण झालं. यशोदाबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळून झालं. चहा झाला, दौलतरावांच्या तरुणपणीच्या कुस्त्या पुन्हा एकदा ऐकून झाल्या. ऊन कललं तेव्हा कुठे ती उठली.

ती वळणाआड गेल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, "किती खोटं बोलाल त्या पोरीशी? भिंत कवा करकरली?"

"मग कंपनी कशाला धाडंल तिला?"

यशोदाबाई तिसरं ताट उचलून आत गेल्या.

मंगळवारी कंपनीचा एक माणूस पेटी काढायला आला. दौलतराव परड्याच्या दारात आडवे उभे राहिले.

"पेटी हलायची न्हाई. भिंत आवाज करतीया. तुमच्या वर्षाली मॅडमला इचारा, त्यांनी परवाच बघितलंय."

तो माणूस गोंधळला.

"आजोबा, भिंत एकदम पक्की आहे. म्हणून तर तपासणी गेल्या वर्षीच थांबवली. पेटी तेव्हापासून बंद आहे, न्यायची तेवढी राहिली होती. आणि वर्षाली मॅडम तर तेव्हाच नोकरी सोडून नाशिकला गेल्या."