कुमुदचं भजन

कुमुद गेली त्याच संध्याकाळी तिच्या भजनी मंडळाच्या बायका येऊन सुनेशी जिन्यात कुजबुजल्या. दिगंबररावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्यापासून काय लपवलं?

तेराव्याला त्यांनी सुनेला विचारलंच. "रेवती, खरं काय ते सांग."

"बाबा, आई भजनाला नव्हत्या जात. तीन वर्षं ढोल-पथकात होत्या. तुम्ही चिडवाल म्हणून बोलल्या नाहीत."

तेवढ्यात त्या बायकाच ढोल घेऊन आल्या. "भाऊजी, हा तिचा. आज इथे असू दे."

दिगंबरराव बघतच राहिले. तीन वर्षं ते तिच्या खांद्याला बाम चोळत विचारायचे, "टाळ कुटून एवढा खांदा भरून येतो होय गं?" आणि ती उशीत तोंड खुपसून गदगदायची. रडते समजून ते आणखी चोळायचे. ती लबाड हसत होती!

पाहुण्यांदेखत ते पोट धरून हसले. मग ढोल कमरेला बांधून त्यांनी अशी थाप मारली, की बायकांनीही पदर खोचले.

दोन महिने झाले. ढोल पथकाला परत द्यायचा राहिला आहे.