बहात्तर गुणांची घटना

दुपारी दारात आलेल्या फौजदाराने विचारले, "तुमच्या मुलीला कोणत्या देशाची घटना लागू आहे?"

गुंजाळबाईंनी कपाटातून लेकीचे, ईराचे, घटनेचे कार्ड काढून दिले. प्रत्येकाने जगातल्या कोणत्याही देशाची घटना स्वतःपुरती निवडावी, असा कायदा होऊन दोन वर्षे झाली होती. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईंनी लेकीसाठी दीडशे घटना उत्तरपत्रिकांसारख्या तपासल्या होत्या. एका हक्काला एक गुण. एका लहानशा बेटाची घटना बहात्तर गुण मिळवून पहिली आली आणि ईराने डोळे झाकून सही केली.

आता धरणाला पडलेल्या भेगांची बातमी छापली म्हणून तिला न्यायला माणसे आली होती.

"लिहिण्याचा हक्क चौथ्याच कलमात आहे," बाई कडाडल्या. "विनाकारण अटक न होण्याचा नवव्यात! मी आत्ताच्या आत्ता कोर्टात जाते."

"बाई, मी तुमचाच विद्यार्थी, सरोदे," फौजदार खाली मान घालून म्हणाला. "मघाशी रीत म्हणून विचारलं, ईराची घटना मी सगळी वाचूनच आलोय. हक्क बहात्तर आहेत, पण ते मोडले तर कोर्टात दाद मागता येईल, असं एकही कलम नाही."

"असं कसं? आपल्या घटनेत तर होतं."

"होतं ना. पण बाई, दहावीला तेच कलम तुम्ही आम्हाला ऑप्शनला टाकायला सांगितलं होतं."

चपला घालता घालता ईरा थांबली आणि आईकडे बघत राहिली.