धक्क्याखाली
माझ्याच लाकडी धक्क्याखाली मी मानेपर्यंत पाण्यात उभा होतो आणि वर दोघे जण गळ टाकून बसले होते. सौनाच्या गरम वाफेतून निघून रोजच्यासारखा उघडाच पोहायला उतरलो होतो. त्यांची चाहूल लागली तसा आत सरकलो, आणि अडकलो. शिडी त्यांच्या पायाशी होती, टॉवेल वरच्या बाकावर. किनाऱ्याकडे गेलो असतो तरी त्यांच्या डोळ्यांसमोरूनच.

"तैस्तो, मालक येऊन ओरडेल हं. मासे सगळ्यांचे असले तरी धक्का त्याचा आहे." हा आवाज पोस्टातल्या ऐलीचा.

"तो पुस्तकी किडा?" तिचा नवरा हसला. "अगं, दुकानात पाव मागतानासुद्धा घाम फुटतो त्याला! ते फडकं दे इकडे, हात बरबटलेत."

फडकं म्हणजे माझा टॉवेल.

सप्टेंबरचं पाणी. पावलं केव्हाच बधिर झाली होती. मनात मी एक सभ्य वाक्य जुळवलं, खोडलं, पुन्हा जुळवलं. शेवटी नुसतं "अहो" उरलं, आणि तेही ओठांवर येईना.

वर थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज झाला. "बस गं निवांत," तैस्तो म्हणाला, "कॉफी पुष्कळ आहे अजून."

माझे गुडघे दुमडले. नाकातोंडात पाणी गेलं. धडपडत मी वरच्या फळीवर मूठ आपटली, पुन्हा आपटली. वरचं बोलणं तुटलं.

"ऐलीबाई, तिकडे तोंड करा!" मी ओरडलो. "मी वर येतोय, आणि माझ्या अंगावर काही नाही!"