गाठीतलं बिस्किट

"मेलेल्या माणसानं बोलायचं नसतं," चिन्मयी दबक्या आवाजात म्हणाली.

"मेलोय म्हणूनच खरं सांगतोय." वाळूत उताणा पडलेला सलिल डोळे मिटूनच बोलला. "खाऊन टाक गं ते बिस्किट. इथे डार्विनमध्ये कोण बघतंय तुझा श्रावणी सोमवार?"

"ज्यानं बघायचं तो बघतो."

"त्याला सांग, शूटिंग होतं म्हणून. तो समजून घेईल, मेट."

"मेट म्हणू नकोस त्याला, दोस्त आहे का तो तुझा!"

दोघं या परदेशी शहरातल्या युनिव्हर्सिटीत शिकत होते, एकाच घरात भाड्याने राहत होते. आज एका जपानी टीव्ही मालिकेत बुडालेल्या जहाजाचे प्रवासी म्हणून किनाऱ्यावर आले होते. मालिकेतलं बेट निर्मनुष्य, म्हणून मगरींपासून सावध करणारी पाटी झावळ्यांनी झाकली होती. सलिलच्या कपाळाला लाल रंग फासून त्याला पहाटे मेलेला प्रवासी केलं होतं. चिन्मयी तापाने फणफणलेली मुलगी. संवाद एकही नव्हता, पण कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ येणार होता. पुण्यात आईने एव्हाना सगळ्या सोसायटीला सांगून टाकलं होतं.

प्रसंग साधा होता. जहाजातली एक श्रीमंत बाई पहिल्या भागापासून आपली पिशवी पोटाशी धरून सगळ्यांपासून लांब बसत आली होती. आज ती पहिल्यांदाच पिशवी उघडणार आणि आतलं शेवटचं बिस्किट या आजारी मुलीला भरवणार. मुलीने ते अधाशासारखं खायचं.

दिग्दर्शकाचा मदतनीस ताकेदा याला चिन्मयीने मघाशीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. उपास आहे, दिवेलागणीला सोडते, त्याआधी काही खात नाही.

"नुसतं चावा आणि नंतर थुंकून टाका. नो वरीज," तो म्हणाला होता.

तोंडात घेतलेलं अन्न थुंकायचं? तिने मान खाली घातली. तोही अवघडला. "मग मला दुसरी मुलगी बसवावी लागेल. एक टेक घेतो. बघा, जमलं तर."

श्रीमंत बाईचं काम करणारी नटी, आकाने, शेजारीच छत्रीखाली उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"देवासाठी?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"हो."

"माझी आजी. आजोबा गेले, दर वर्षी त्या दिवशी मासे नाही." आकानेने बोट ओठांवर आडवं फिरवलं आणि आपल्या जागेवर निघून गेली.

कॅमेरा सुरू झाला. आकाने वाळूतून चालत आली, चिन्मयीजवळ गुडघ्यांवर बसली. पिशवीची चेन तिने सावकाश उघडली. तिने बिस्किट बाहेर काढलं, चिन्मयीच्या ओठांपर्यंत आणलं. तिथे तिचा हात थांबला. तो खाली आला, आणि बिस्किट तिने चिन्मयीसमोर नुसतं धरलं.

चिन्मयीचा उजवा हात आपोआप पुढे झाला, डावा त्याच्याखाली गेला. तळहातावर आलेलं बिस्किट तिने कपाळाला लावलं. मग गळ्यातल्या स्कार्फच्या टोकात ते ठेवून गाठ मारली. वर आणखी एक मारली, सुटू नये म्हणून.

"कट!"

पांढऱ्या केसांचा दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला, गाठीकडे बघत काहीतरी म्हणाला.

"विचारताहेत," ताकेदा म्हणाला, "कुणासाठी बांधून ठेवलं?"

चिन्मयीचे कान लाल झाले. गेलं काम. आता आईला काय सांगायचं? "सॉरी, सर. आमच्याकडे असं हातावर मिळालेलं एकटीनं खात नाहीत. घरच्यांसाठी नेतात."

"पण या बेटावर घर कुठलं?"

तिने आजूबाजूला पाहिलं. फाटक्या कपड्यांतली परकी माणसं, तापलेली वाळू, आणि गुडघ्याशी सलिल.

"जो जवळ असेल तो," ती म्हणाली.

ताकेदाने ते जपानीत सांगितलं. दिग्दर्शक सलिलकडे बघत राहिला. सलिल इमानेइतबारे श्वास रोखून पडला होता. त्याच्या नाकावर एक मुंगी चढत होती, तरी तो हलला नाही. दिग्दर्शक एकच वाक्य बोलला. आकानेने तोंडावर हात धरला, तरी तिचं हसू बाहेर आलंच.

"काय म्हणाले?" चिन्मयीने घाबरत विचारलं.

"हा आज मरणार नाही," ताकेदा म्हणाला. "उद्या बघू. आणि तुम्ही खायचं नाही, याला भरवायचं."

सलिलने एक डोळा उघडला. "मी? खरंच? थँक यू, सर!"

"उठू नकोस, मेल्या," चिन्मयी म्हणाली, आणि तिलाही हसू फुटलं.

लाल रंग थोडा पुसला गेला. कॅमेरा पुन्हा सुरू झाला. चिन्मयीने दाताने दोन्ही गाठी सोडवल्या. आकानेने सलिलचं डोकं वाळूतून उचलून आपल्या मांडीवर घेतलं. अशक्त माणसासारखं सावकाश खा, असं त्याला बजावून सांगितलं होतं. पण तो सकाळपासून उन्हात पडून होता, आणि बिस्किट नारळाचं होतं. तो सगळं विसरला आणि मचामचा खाऊ लागला.

बिस्किटाचा चुरा त्याच्या हनुवटीवरून ओघळला. चिन्मयीने चटकन खाली ओंजळ धरली. आकानेने पिशवी वाळूत सोडून दिली आणि चिन्मयीच्या ओंजळीखाली आपलीही धरली.