मालकाची कळ

सांगलीच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये उपीट खाता खाता वैजनाथ घोरपडेची तीन बोटं चेचली गेली. तो किंचाळत टेबलाखाली कोसळला. बोटं मात्र जागेवर धडधाकट होती. चेचली होती ती चंद्रावरच्या शाखेतल्या प्रेस चालवणाऱ्या कामगाराची.

चंद्रावरचा कामगार कायदा सरळ होता. करारावर सही करील तो मालक. त्याच्या मानेत चिप बसवायची आणि कामगाराला इजा झाली, की तीच कळ मालकाला द्यायची. साहेबांच्या वतीनं सही ठोकायची हेडक्लार्क वैजनाथची जुनी सवय. चंद्रावर 'वतीनं' चालत नाही.

"आज चौथ्यांदा ना रे?" पाटणकर साहेब म्हणाले. "गोळी घे. प्रेसला संरक्षक जाळी बसवली की काम मंदावतं."

वैजनाथनं तिथूनच चंद्रावर फोन लावला. "सुपरवायझर, जाळ्या बसेपर्यंत सगळ्या प्रेस बंद."

साहेबांनी त्याच्या कानफटात लगावली. "बंद करणारा तू कोण?"

"मालक." वैजनाथनं ओठावरचं रक्त पुसलं. "तुम्हालाच त्या प्रेसवर कामाला घेणार होतो, साहेब. पण बोटं तुमची जातील आणि बोंबलायचं मी."