कोरडी चारी

धरण निम्मंच भरलं होतं. तरी पाणीवापर संस्थेच्या बैठकीत ठरलं, यंदा कालव्याचं पाणी आधी शेपटाकडच्या रानांना द्यायचं. भागूबाईने ते हसण्यावारी नेलं. तिचं रान अगदी शेवटचं. तिथवर पाणी कधी पोचलंच नव्हतं. कालव्यातून रानाकडे येणाऱ्या कोरड्या चारीत तिने कडबा रचला होता आणि त्याच्या आडोशाला कोंबडी अंड्यांवर बसवली होती. हरभरा मात्र फुलोऱ्यातच माना टाकत होता.

पाण्याच्या पाळीच्या दिवशी कालव्याच्या तोंडाचे ऊसवाले सर्जेराव फावडं घेऊन आले. "वहिनी, चारी मोकळी करू. पाणी निघालंय."

"अन् तुमचा ऊस?"

"थांबेल आठवडाभर. माझ्या चारीचं दार मीच बंद करून आलोय."

भागूबाई चारीत उतरली. तिने अंडी पदरात घेतली, फडफडणारी कोंबडी काखोटीला मारली.

"चल बये, जागा सोड. चारीचा खरा मालक यायला निघालाय."